रात्रीचे रान, दिवसाचे शेत
शास्त्रपाठ : स्तोत्र 104:19-24, निर्गम 22:5



स्तोत्र 104 मध्ये दिवस-रात्रीची वाटणी सांगितली आहे. अंधार पडला की वनपशू अन्न शोधायला निघतात. सूर्य उगवला की ते परततात आणि माणूस कामाला लागतो. सिंहाची भूक आणि माणसाचे कष्ट, दोन्हींची देवाला काळजी आहे.

गेल्या हिवाळ्यात मंडळीतील तरुणांना घेऊन मी दाजीपूरला गेले. कोल्हापूर संस्थानाचे हे शिकारीचे रान. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि 1985 मध्ये विस्तारून राधानगरी अभयारण्य बनले. क्षेत्र सुमारे 351 चौरस किलोमीटर. उत्तरेला चांदोली व कोयना मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गोवा-कर्नाटकाच्या जंगलांतून वाघ तिकडे जातो तो याच डोंगररांगेने. आम्हांला वाघ दिसला नाही, गव्यांचा कळप मात्र दिसला.

वाटेत एका धनगरवाड्यावर थांबलो. तिथल्या आजी म्हणाल्या की दिवस मावळायच्या आत गुरे गोठ्यात आलीच पाहिजेत, कारण रात्रीचे रान जनावरांचे. स्तोत्रातली वाटणी त्या रोज पाळत होत्या.

पण आजरा आणि चंदगडमध्ये ही वाटणी मोडते. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरले आणि पुढे या तालुक्यांतही आले. हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो. एका रात्रीत उभा ऊस, भात, केळी भुईसपाट होतात. शेतकरी दिवसभर राबून रात्रभर राखण करतो.

इथे निर्गम 22:5 पाहू. कोणाचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले, तर मालकाने आपल्या उत्तम पिकातून भरपाई करावी, असा तो नियम. मग रानहत्तीचा मालक कोण? तो सर्वांचा ठेवा म्हणून आपण राखतो. म्हणजे त्याच्या नुकसानीचे देणेही सर्वांचे आहे. सरकारी भरपाई ही भीक नव्हे, तो न्याय आहे. हत्तीला राखणे आणि शेतकऱ्याला भरून देणे ही एकाच आज्ञापालनाची दोन अंगे आहेत.

भरपाईसाठी वनखात्याकडे मुदतीत अर्ज, पंचनामा, सातबारा आणि बँक पासबुक लागते. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याची जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, तो इथेच अडतो. वनहक्क कायदा 2006 चेही तसेच. धनगरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. अशा घरी जाऊन कागद लावून देणे ही मंडळीला करता येण्याजोगी सेवा आहे.

विचारासाठी प्रश्न
1. जंगल पाहण्याचा आनंद आपण घेतो. त्याची किंमत कोण मोजतो?
2. आपल्या मंडळीत अर्ज लिहून देऊ शकतील असे कोण आहेत?

प्रार्थना : हे प्रभू, रात्री राखणीला बसलेल्यांना सांभाळ. तुझ्या वनपशूंना सुरक्षित ठेव. आणि आम्हांला आमचे देणे चुकते करायला शिकव. आमेन.