अंगावरचा पांढरा डाग : 'आनुवंशिक' म्हणजे नक्की काय?



इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ आहे. त्यात वर्णकहीनता आणि सिकलसेल हे दोन्ही येतात. पण त्वचेच्या रंगाचा प्रश्न नववीपर्यंत थांबत नाही. पहिली-दुसरीतच एखाद्या मुलाच्या ओठाजवळ पांढरा डाग दिसतो आणि शेजारच्या मुलाची आई सांगते, "सर, आमच्या पोराला तिथून उठवा." दुसरीकडे डाग असलेल्या मुलीचे आई-वडील तिला स्नेहसंमेलनात नाचू देत नाहीत. पुढे लग्न जमायचं असतं ना!

या दोन्ही भीतींच्या मुळाशी दोन शब्द आहेत : 'संसर्गजन्य' आणि 'आनुवंशिक'. आपण ते सैलपणे वापरतो आणि त्याची किंमत मूल मोजतं. म्हणून हे दोन शब्द आज नीट समजून घेऊ.

रंग येतो कुठून?

आपल्या त्वचेत रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात. गंमत म्हणजे काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या त्वचेतील रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं बनतं यात. मेलॅनिन ही शरीराची छत्री आहे. उन्हातले अतिनील किरण ती अडवते. खान्देशच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला सावळा रंग हे वरदानच म्हणायचं.

हा रंग एका जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकं मिळून ठरवतात. २००५ मध्ये झेब्रा माशावरच्या संशोधनातून एसएलसी२४ए५ हे असं एक जनुक समजलं. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील थंगराज आणि सहकाऱ्यांनी भारतीयांमध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उजळ रंग देणारं या जनुकाचं रूप भारतीयांत आणि युरोपीय लोकांत एकाच पूर्वजाकडून आलेलं आहे, असं त्यात दिसलं. म्हणजे गोरं-काळं ही वेगवेगळ्या माणसांची जात नाही, एकाच पिशवीतले वेगवेगळे दाणे आहेत.

वर्गात करून पाहा : चिंचोक्यांचा खेळ

सहा चिंचोके फोडून घ्या. प्रत्येकाची एक बाजू काळी, एक पांढरी. तीन चिंचोके आईकडून आलेले, तीन वडिलांकडून, असं समजा. मुलांना ते खाली टाकायला सांगा आणि काळ्या बाजू किती पडल्या ते लिहायला सांगा. चाळीस-पन्नास वेळा टाकलं की फळ्यावर चित्र उभं राहतं. बहुतेक वेळा दोन, तीन किंवा चार काळे. सहाच्या सहा काळे किंवा सगळे पांढरे क्वचितच पडतात. दोन्ही बाजूंची शक्यता सारखी धरली, तर सहाही काळे पडण्याची शक्यता ६४ पैकी १, आणि तीन काळे पडण्याची ६४ पैकी २०.

एकाच आईबापाची एक लेक सावळी आणि एक उजळ का, हे चौथीच्या मुलालाही यातून कळतं. खरी जनुकं सहापेक्षा खूप जास्त आहेत, हे मात्र सांगायला विसरू नका.

वर्णकहीनता : जन्मापासून

काही मुलांचे केस, भुवया, त्वचा जन्मतःच पांढरट असतात. वर्गात त्यांना 'इंग्रज' म्हणून चिडवतात. मेलॅनिन बनवण्याच्या कामातलं एखादं महत्त्वाचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आलं, की असं होतं. आई-वडील स्वतः नेहमीच्या रंगाचे असतात, कारण त्यांच्याकडे एक चांगली प्रत असते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात शक्यता चारात एक.

शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याकडच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना हे गणित नवं नाही. सिकलसेलच्या तपासणीत आपण हेच समजावून सांगतो. मामा-आत्याच्या नात्यात लग्न झालं, तर दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते.

या मुलांचा मोठा त्रास डोळ्यांचा असतो. नजर कमी, उजेड सहन होत नाही, बुबुळं हलत राहतात. मूल 'ढ' नसतं, त्याला फळा दिसत नसतो. पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा. मोठ्या अक्षरात लिहून द्या. परिपाठ आणि खेळाच्या तासाला टोपी आणि सावली द्या, कारण छत्रीच नसल्याने त्यांना उन्हामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. दृष्टी ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अल्पदृष्टीचं प्रमाणपत्र मिळू शकतं.

कोड : वारसा आहे, पण लिहून ठेवलेला नाही

कोड मात्र बहुतेकदा जन्मतः नसतो, नंतर येतो. आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून रंगपेशींवर हल्ला करते. त्या पेशी नष्ट झाल्या, की तिथे दुधासारखा पांढरा डाग. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड होत नाही. हात लावल्याने, एका डब्यात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो पसरत नाही.

मग तो आनुवंशिक आहे का? प्रवृत्ती येते, रोग येईलच असं नाही. यातही अनेक जनुकं आहेत. जुळ्यांवरचा एक अभ्यास यासाठी फार बोलका आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात. तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण त्यात सुमारे २३ टक्केच निघालं. सगळा खेळ जनुकांचा असता तर ते १०० च्या जवळ जायला हवं होतं. रक्ताच्या जवळच्या नात्यात हे प्रमाण सुमारे ६ ते ७ टक्के सांगितलं जातं. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना होतच नाही.

बाकीचा भाग परिस्थितीचा. जखम किंवा सततचं घासणं यामुळे प्रवृत्ती असलेल्या माणसाला तिथेच डाग उठू शकतो. काही स्वस्त टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगपेशींना मारतं, म्हणून बरोबर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही तसंच. अशा वेळी ती वस्तू लगेच बंद करायची.

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो

गालावर फिकट, किंचित खरबरीत, पुसट कडेचे चट्टे लहान मुलांत खूप दिसतात. लोक 'जंत झाले', 'कॅल्शियम कमी' म्हणतात. बहुतेकदा ती कोरड्या त्वचेची साधी तक्रार असते आणि वाढत्या वयात जाते. छाती-पाठीवर कोंडा सुटणारे चट्टे म्हणजे शिबं, ती बुरशी आहे.

फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे स्पर्श, गरम-गार कळत नाही, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. तो जंतूमुळे होतो, १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो जंतू शोधला. कुष्ठरोग आनुवंशिक नाही, औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. कोडाच्या डागावर मात्र संवेदना शाबूत असते. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या शब्दाने हे दोन रोग एकाच पोत्यात भरले, तो शब्द आपण वापरायचं सोडू या. दरवर्षी ३० जानेवारीला शाळेत कुष्ठरोगाची प्रतिज्ञा होते, तेव्हा हा फरक दोन वाक्यांत जरूर सांगा. नाहीतर कोड असलेल्या मुलाकडे सगळा वर्ग वळून बघतो.

ही ओळख निदानासाठी नाही, वेळेत पाठवण्यासाठी आहे. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कोडावर मलम, नियंत्रित प्रकाशकिरण, डाग स्थिर असेल तर त्वचारोपण असे उपचार आहेत, आणि लवकर सुरू केले तर रंग परतण्याची आशा जास्त. बावचीचं बी घरीच वाटून लावून मुलाला उन्हात बसवू नका. त्यातला घटक उन्हाने तापतो असं नाही, तो अतिनील किरणांनी त्वचा भाजून काढतो, फोड येतात.

आणि लग्नाचं काय?

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता असोसिएशन' हा स्वमदत गट उभा केला. त्या स्वतः डॉक्टर आणि त्यांनाही कोड. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा मराठी चित्रपट याच विषयावर आहे. पालकसभेत दाखवण्यासारखा आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, तेही २०१९ मध्ये काढून टाकलं. कायदा बदलला, आता घराघरातलं बोलणं बदलायचं आहे.

'आनुवंशिक' म्हणजे शाप नाही, ती शक्यता आहे, आणि शक्यता मोजता येते. उद्या वर्गात कुणी बाक बदलून मागितला, तर बाक बदलू नका. त्या पालकांना पाच मिनिटं बसवा आणि सहा चिंचोके त्यांच्या हातात द्या.