चाकांवरच्या घराचा झरोका

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जोते, भिंती आणि छप्पर येते. पण अमेरिकेत पुष्कळ लोक चाकांवरचे घर घेऊन प्रवासाला निघतात. त्याला कॅम्पर म्हणतात. कोणी ते मोटारीच्या मागे जोडतो, कोणाच्या मोटारीतच घर असते. आत निजायची जागा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सारे काही असते. घर मोठे सोयीचे. पण लहान असल्यामुळे आतली हवा लवकर कोंदट होते.

असे का होते ते पाहू. माणसाच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. शेगडीवर काही शिजत असले की त्याची वाफ निराळी. शिवाय गॅस जळताना खुद्द गॅसचेही पाणी होते! एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. बाहेर थंडी असली की ही वाफ आत पत्र्यावर थिजते आणि तिचे थेंब होतात. मग गादी ओलसर, लाकडाला बुरशी, कपड्यांना कुबट वास.

म्हणून या घराच्या छपराला झरोका असतो. तो बहुधा १४ इंच लांब आणि १४ इंच रुंद असतो. दांडा फिरवला की झाकण वर उचलते. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि निघून जाते. पण वारा पडला की हवा रेंगाळते. अशा वेळी झरोक्यात विजेचा पंखा बसवतात.

हे काम जाणत्या माणसाने बेताने करावे. आधी बॅटरीची ऋण तार सोडवतात. छपरावर चढताना फळी टाकतात, म्हणजे पत्रा दबत नाही. जुना झरोका काढून त्याखालची वाळलेली लांबी खरवडतात. पंख्याची चौकट स्क्रूंनी आवळतात आणि कडेने पाणी न झिरपणारी नवी लांबी भरतात. इथे कंटाळा केला तर पहिल्याच पावसात छत गळायचे.

पुढे तारांचे काम. हा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. धन तार धनाला, ऋण तार ऋणाला. साध्या मोटरच्या तारा उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि हवा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतो. धन तारेवर बॅटरीच्या बाजूला फ्यूज हवाच. फ्यूज किती अँपियरचा, ते पंख्यासोबतच्या कागदावर छापलेले असते. तो कागद वाचावा. अक्षरओळख आहे ती याचसाठी!

बॅटरी किती वेळ पुरेल? हिशेब सोपा आहे. समजा, बॅटरी १०० अँपियर-तासांची आहे. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये. म्हणजे हाताशी राहिले ५०. पंखा २ अँपियर घेतो. ५० भागिले २, उत्तर २५ तास.

पंखा बसला, फिरू लागला. झालं का काम? नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. हवा बाहेर जायची तर तेवढीच हवा आत यायला हवी. सगळ्या खिडक्या लावून पंखा चालवला तर तो फटीफटींतून हवा ओढू लागतो. गॅसच्या बंबाच्या धुराड्यातून बाहेर जाणारा धूरही उलटा आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून पंखा लावण्याआधी खिडकी उघडावी. तीही जनरेटरच्या धुराच्या बाजूची नव्हे, दुसऱ्या बाजूची.

हवा नीट खेळते की नाही, हे पाहायला उदबत्ती पुरते. ती उघड्या खिडकीशी धरली तर धूर आत वळावा. झरोक्याखाली धरली तर वर जावा. पण गॅसची गळती नाही ना, याची आधी खात्री करावी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हाला कुठे चाकांवरचं घर घ्यायचंय? खरे आहे. पण आपली एका खोलीची पत्र्याची घरे आठवा. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझर आठवा. थंडीत दारे लावून खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी आठवा. अशाने आपल्याकडेही जीव गेले आहेत. हवेचा नियम तिथे एक आणि इथे दुसरा, असे नसते. म्हणून आम्ही सांगतो: जळती शेगडी खोलीत ठेवून निजू नका. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. स्वयंपाकघरात पंखा लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा. पंखा हवा बाहेर काढतो. आत येणाऱ्या हवेला वाट आपणच ठेवायची असते.

उजळणी

१. बंद घरात पत्र्याला आतून पाण्याचे थेंब का येतात?
२. बॅटरीतले ६० अँपियर-तास वापरायचे आहेत. पंखा ३ अँपियर घेतो. तो किती तास चालेल?
३. तुमच्या घरात हवा कोठून येते आणि कोठून जाते? आज घरी जाऊन पाहा आणि चार ओळी लिहा.