ओझर नेमकं कोणतं?

चि. भाचीस,


नाशिकमध्ये संगणक शाखेत शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींची जावाशी ओळख होते ती आयडीईमधल्या हिरव्या बाणातून. बाण दाबला की प्रोग्राम चालतो. मग कुणीतरी सांगतं, हेच टर्मिनलवर चालवून दाखव. मुलगी फवारणीचा हिशोब करणारा आपला प्रोग्राम शोधते, ज्या फोल्डरात ती क्लास फाइल आहे तिथंच टर्मिनल उघडते आणि ‘जावा फवारणी’ असं लिहिते. उत्तर येतं, ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’. फाइल तर समोर दिसते आहे, आणि यंत्र म्हणतं सापडली नाही! या टप्प्यावर बरेच जण टर्मिनल बंद करून पुन्हा बाणाकडे वळतात. तू तसं करू नयेस, म्हणून मामाचं हे पत्र.

त्या संदेशाच्या खाली सहसा आणखी एक ओळ असते आणि खरी माहिती तिच्यातच असते. ‘नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर’, आणि त्याच ओळीत ‘रॉंग नेम’ या शब्दांसोबत क्लासचं पूर्ण नाव. म्हणजे यंत्राला फाइल सापडली होती. त्यानं ती उघडली आणि आत वेगळंच नाव लिहिलेलं पाहून ती नाकारली. संदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आत्ताच लाव.

हे पूर्ण नाव काय असतं ते सातबाऱ्यावरून लगेच ध्यानात येईल. महाभूलेखावर उतारा काढताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं आणि त्यानंतर गट नंबर विचारला जातो. नुसतं ‘ओझर’ म्हणून भागत नाही, कारण एक ओझर निफाड तालुक्यात आहे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्याचं, आणि दुसरं पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, अष्टविनायकांतल्या विघ्नेश्वराचं. द्राक्षबागा दोन्ही तालुक्यांत आहेत. दोन्ही ओझरच्या मुलींनी ‘फवारणी’ नावाचा क्लास लिहिला आणि दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये घ्यायची वेळ आली, तर त्यांना वेगळं ठेवणार कोण? पॅकेज. एकीचा क्लास ‘नाशिक.निफाड.ओझर.फवारणी’ आणि दुसरीचा ‘पुणे.जुन्नर.ओझर.फवारणी’. जावासाठी ‘फवारणी’ हे अर्धवट नाव आहे. टिंबांनी जोडलेली अख्खी साखळी, तीच क्लासची खरी ओळख.

ही अडचण कल्पनेतली नाही. जावाच्या स्वतःच्या संग्रहात ‘डेट’ नावाचे दोन क्लास आहेत, एक ‘जावा.युटिल’मध्ये आणि एक ‘जावा.एसक्यूएल’मध्ये. ‘लिस्ट’ही दोन आहेत, एक युटिलमध्ये आणि दुसरी एडब्ल्यूटीमध्ये. दोन्ही पॅकेजं तारांकन लावून आयात केली आणि नुसतं ‘लिस्ट’ लिहिलं, तर कम्पायलर थांबतो आणि कोणती ते स्पष्ट सांगा म्हणतो. जगभरच्या नावांची अशी टक्कर होऊ नये म्हणून संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता उलटा लिहून पॅकेजची सुरुवात करायची, हा संकेत भाषेच्या अधिकृत विवरणातच आहे. नाशिक जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ ‘नाशिक.गव्ह.इन’ आहे. त्यांनी जावात काही लिहिलं तर पॅकेज ‘इन.गव्ह.नाशिक’पासून सुरू व्हावं. मोठ्याकडून लहानाकडे.

आता यंत्र शोधतं कसं ते बघ. ‘नाशिक.निफाड.ओझर.फवारणी’ चालव म्हटलं की जावा त्यातल्या प्रत्येक टिंबाच्या जागी फोल्डरची पायरी धरते. म्हणजे नाशिक नावाचा फोल्डर, त्यात निफाड, त्यात ओझर, आणि त्यात फवारणीची क्लास फाइल. ही पायऱ्यांची मोजणी कुठून सुरू करायची ते क्लासपाथ सांगतो. काहीच सांगितलं नाही, तर तू उभी आहेस तो फोल्डर धरला जातो. सुरुवातीला टर्मिनलवर अडलेली ती मुलगी थेट ओझरच्या आत जाऊन उभी राहिली होती. उभं राहायचं असतं ते ‘नाशिक’ फोल्डर ज्याच्या पोटात आहे त्याच्यात, आणि नाव घ्यायचं असतं पूर्ण. एवढं मनात पक्कं बसलं की उरतो तो तपशील.

तपशिलातही एक गोष्ट मात्र जपायला हवी. कम्पाइल करणारी ‘जावासी’ ही आज्ञा फाइलचा मार्ग मागते, तिरप्या रेघांसह आणि शेवटच्या ‘.जावा’सह. चालवणाऱ्या ‘जावा’ आज्ञेला क्लासचं नाव द्यायचं असतं, टिंबांसह आणि शेपटाशिवाय. ‘जावा फवारणी.क्लास’ असं लिहिलंस तर ते यंत्र ‘फवारणी’ नावाच्या पॅकेजमध्ये ‘क्लास’ नावाचा क्लास शोधायला निघेल. एकीला जागा सांगायची आणि दुसरीला नाव.

मूळ कोड ‘स्रोत’ नावाच्या फोल्डरात ठेव आणि तयार क्लास फाइली ‘बांधणी’त जाऊ देत. जावासीला ‘वजा डी’ हा पर्याय देऊन ‘बांधणी’ सांगितलंस, तर आतले नाशिक, निफाड, ओझर हे फोल्डर ती स्वतःच तयार करते. चालवताना ‘वजा सीपी बांधणी’ लिहायचं आणि पुढे पूर्ण नाव. दोन्ही वेगळे ठेवण्याचा फायदा पॅकेजचं नाव बदललं की कळतो. जुन्या नावाच्या क्लास फाइली तशाच पडून राहतात आणि कधीकधी चुकून त्याच चालतात. अशा वेळी ‘बांधणी’ अख्खी पुसून पुन्हा कम्पाइल करता येतं, आणि मूळ कोडला धक्का लागत नाही.

क्लासपाथमध्ये एकाहून जास्त जागा देता येतात. लिनक्स आणि मॅकवर त्यांच्यामध्ये अपूर्णविराम टाकायचा, विंडोजवर अर्धविराम. विंडोजची आज्ञा जशीच्या तशी उबुंटूवर चिकटवली तर लिनक्सचं शेल अर्धविरामापाशी आज्ञा तोडतं. विंडोजच्याच पॉवरशेलमध्येही अर्धविरामानं आज्ञा तुटते, म्हणून तिथं अख्खा क्लासपाथ अवतरणचिन्हांत घालायचा. आणखी एक: ‘वजा सीपी’ दिलं की चालू फोल्डर आपोआप धरला जात नाही. तो हवा असेल तर टिंब देऊन सांगावा लागतो.

या पत्रात सगळं देवनागरीत लिहिलं असलं, तरी आज्ञा आणि जावाचे राखीव शब्द टाइप करायचे रोमनमध्येच. मात्र क्लासचं आणि पॅकेजचं नाव खरोखर देवनागरीत ठेवता येतं. जावाची रचना युनिकोडवर उभी आहे, त्यामुळे ‘फवारणी’ हे तिच्या दृष्टीनं रीतसर नाव आहे, काना आणि वेलांटी धरून. उबुंटूवर हे सहज चालतं. विंडोजवर फाइलींच्या नावांपाशी अडचण येऊ शकते. मार्च 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून मूळ कोड यूटीएफ-8 मध्येच आहे असं गृहीत धरलं जातं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ‘वजा एन्कोडिंग’ लिहून तसं सांगणं सुरक्षित. कॉलेजच्या कामात रोमन नावंच ठेव, पण घरी एकदा मराठी नावांचा प्रोग्राम चालवून बघच. आपल्या भाषेत लिहिलेलं नाव यंत्रानं जसंच्या तसं स्वीकारलेलं पाहण्यात मोठा आनंद आहे.

हे सगळं कशासाठी, असं तू विचारशील. सन मायक्रोसिस्टम्सनं मे 1995 मध्ये जावा जगापुढे आणली, ती जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची निर्मिती. एकदा लिहा आणि कुठंही चालवा, हे तिचं वचन होतं. हे ‘कुठंही’ म्हणजे बहुतेक वेळा दूरवरचा एखादा सर्व्हर. तिथं ना खिडक्या असतात ना हिरवा बाण, असतं ते फक्त टर्मिनल. आयडीईसुद्धा आतून हीच लांबलचक आज्ञा तयार करते आणि पुष्कळदा आउटपुटच्या पहिल्या ओळीत ती दाखवतेही. ती ओळ उघडून वाच. बाणामागचं सगळं काम तिथं लिहिलेलं असतं.

क्लास फाइलही आतून बघण्यासारखी आहे. तिचे पहिले चार बाइट सोळा-अंकी पद्धतीत वाचले तर ‘कॅफेबेब’ ही अक्षरं दिसतात. प्रत्येक जावा क्लासची ती खूण आहे. जेडीकेसोबत येणाऱ्या ‘जावापी’ला ‘वजा व्ही’ देऊन फाइल दाखवलीस, तर आत लिहिलेलं पूर्ण नाव डोळ्यांनी पाहता येईल. ‘रॉंग नेम’ कुठून आलं तेही मग कळेल.

तिथंच ‘मेजर व्हर्जन’ असा एक आकडा असतो. जावा 8 साठी तो 52, जावा 17 साठी 61 आणि जावा 21 साठी 65. लॅपटॉपवर जावा 21 असेल आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर जावा 8, तर घरून नेलेली क्लास फाइल तिथं ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ म्हणून अडेल. त्यासाठी कम्पाइल करतानाच दोन वजा चिन्हं, ‘रिलीज’ आणि पुढे 8 असं लिही. सबमिशनच्या आदल्या दिवशी ‘बांधणी’ पुसून सगळं पुन्हा कम्पाइल कर, आणि कम्पाइल करण्याची व चालवण्याची अशा दोन्ही आज्ञा रीडमी फाइलमध्ये लिहून ठेव. जार फाइल द्यायची असेल तर तिच्या मॅनिफेस्टमध्ये ‘मेन-क्लास’पुढे पूर्ण नावच लागतं, आणि ‘वजा जार’ वापरलं की ‘वजा सीपी’मध्ये लिहिलेलं जावा विचारातच घेत नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा