सोडवायचे प्रश्न, सोडायचे प्रश्न

सरकारी बँकांमधील अधिकारीपदाच्या भरतीला बसणारा पदवीधर आणि त्याच्या तयारीचा भार उचलणारे पालक यांच्या मनातले परीक्षेचे चित्र बहुधा विद्यापीठाच्या परीक्षेवरून बेतलेले असते : अभ्यासक्रम ठरलेला, तो पुरा करायचा, प्रश्नपत्रिका शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवायची आणि जितके जास्त येते तितके जास्त गुण. प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे दोन वर्षांच्या परिवीक्षा काळासह थेट अधिकारी श्रेणीच्या पहिल्या पायरीवर नेमला जाणारा कर्मचारी, निवडण्यासाठी जी परीक्षा होते ती या चित्रात बसत नाही. तिच्या पहिल्या टप्प्यातले गणित बहुतांशी शाळेतलेच असते आणि तर्कक्षमतेच्या प्रश्नांना तर कोणत्याही पदवीचे ज्ञान लागत नाही. तरीही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले अभियंते तिच्यात अडकतात, याचे कारण असे की कोणता प्रश्न हातात घ्यावा आणि कोणता न वाचल्यासारखा करून पुढे जावे, याचा निर्णय पदवीच्या कोणत्याही सत्रात कोणी कधी शिकवलेला नसतो.

ही परीक्षा घेणारी संस्था मुंबईत कांदिवलीला आहे. उमेदवार जिला आयबीपीएस म्हणतात त्या इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शनची सुरुवात १९७५ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेतील एक विभाग म्हणून झाली, १९८४ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि २०११ पासून सार्वजनिक क्षेत्रातील बँकांसाठी ती सामायिक परीक्षा घेऊ लागली. १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणानंतर तिच्यात सहभागी होणाऱ्या बँका ११ उरल्या असून स्टेट बँक आपली भरती वेगळी करते. वयोमर्यादा सर्वसाधारण गटासाठी २० ते ३० वर्षे आहे. निवडीचे टप्पे तीन : पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत, २०२५ च्या भरतीपासून त्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीची जोड मिळाली आहे. पूर्वपरीक्षेचे गुण केवळ पुढच्या टप्प्याला पात्र ठरण्यापुरते असतात आणि अंतिम यादीत ते धरलेच जात नाहीत, ही गोष्ट घरोघरी नीट समजलेली नसते. म्हणून पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पेढे वाटले जातात आणि मुख्य परीक्षेच्या तयारीला जेमतेम काही आठवडे उरतात.

पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५ आणि तर्कक्षमतेचे ३५ असे १०० प्रश्न ६० मिनिटांत असतात, परंतु हा तास सलग नसतो. प्रत्येक विभागाला २० मिनिटे मिळतात, ती संपली की तो विभाग संगणकावर बंद होतो, आणि इंग्रजीत वाचलेली मिनिटे गणितासाठी वापरता येत नाहीत. तर्कक्षमतेच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ३४ सेकंद येतात. असमानता किंवा विधान-निष्कर्ष यांसारखे सुटे प्रश्न सराव असेल तर त्याहून कमी वेळात सुटतात; उमेदवार ज्यांना पझल म्हणतात त्या बैठकव्यवस्थेच्या कोड्यांवर मात्र पाच-पाच प्रश्न एकत्र बांधलेले असतात आणि कोडे सुटले नाही तर पाचही जातात.

अशा कोड्याचा अंदाज पहिल्या अटीवरूनच बांधता येतो. आठ जण एका गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसले आहेत आणि पहिली अट ‘अनिल आणि बेला यांच्यामध्ये दोन जण आहेत’ अशी आहे, असे समजू. अनिलला कोठेही बसवले तरी बेला त्याच्या डावीकडे तिसरी असेल किंवा उजवीकडे तिसरी, म्हणजे कच्च्या कागदावर दोनच आकृत्या काढाव्या लागतात. हेच आठ जण एका सरळ रांगेत बसवले आणि अट तीच ठेवली, तर पहिली व चौथी, दुसरी व पाचवी अशा जागांच्या ५ जोड्या होतात, प्रत्येक जोडीत दोघे अदलाबदल करू शकतात आणि शक्यता १० होतात. रांगेच्या कोड्यात पुढच्या ओळीत एखादी निश्चित जागा सांगितलेली नसेल, तर ते कोडे त्या क्षणी बाजूला ठेवणारा उमेदवार आणि ‘हे मला क्लासमध्ये सुटले होते’ या हट्टाने त्यावर सात मिनिटे घालवणारा उमेदवार यांच्यात बुद्धीचा फरक नसतो, पण त्या विभागात पुढे मिळणाऱ्या गुणांचा फरक मोठा असतो. पहिल्या फेरीत सुटे प्रश्न, मग दोन आकृत्यांत आवरणारे कोडे आणि वेळ उरलाच तर बाकीचे, हा क्रम म्हणूनच हिताचा.

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणाचा चौथा हिस्सा वजा होतो. या नकारात्मक गुणांची घरात जेवढी धास्ती असते, तेवढे त्यांचे गणित कोणी मांडत नाही. बँकेच्या परीक्षेत प्रश्नाला साधारणतः पाच पर्याय असतात. प्रश्न एका गुणाचा धरला, तर डोळे मिटून उत्तर दिल्यास पाचांतून एकदा १ गुण मिळतो आणि चारदा पाव-पाव मिळून १ गुण जातो, म्हणजे सरासरी लाभ शून्य. पाचांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर तीन प्रयत्नांत १ गुण येतो व अर्धा जातो, म्हणजे दर प्रश्नामागे सरासरी एक षष्ठांश गुणाचा फायदा उरतो. तात्पर्य, आंधळा अंदाज तोट्याचा नसला तरी निरर्थक असतो, उलट पर्याय गाळून केलेला अंदाज नफ्याचा असतो. ‘शंका आली की सोड’ हा क्लासमध्ये सर्रास मिळणारा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. पर्याय निवडून ‘पुनरावलोकनासाठी खूण’ केलेला प्रश्नही तपासला जातो, हेही येथे लक्षात ठेवावे लागते, कारण अनेक जण ती खूण म्हणजे उत्तर रद्द असे समजतात.

परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने सकाळच्या सत्राला सोपी आणि दुपारच्या सत्राला अवघड प्रश्नपत्रिका आली, ही तक्रार दर वर्षी ऐकू येते. तिच्यावरचा उपाय समशतमक पद्धत हा आहे. एखाद्या सत्रात ६२ गुणांपर्यंत ९० टक्के उमेदवार असतील आणि दुसऱ्या सत्रात ५७ गुणांपर्यंतच ९० टक्के उमेदवार असतील, तर हे ६२ आणि ते ५७ एकाच योग्यतेचे धरले जातात. पद्धत निर्दोष आहे असे नाही, पण प्रश्नपत्रिका अवघड निघाली म्हणून हॉलमध्येच खचून जाण्याचे कारण तिने निश्चित काढून टाकले आहे.

सराव परीक्षांच्या, म्हणजे मॉकच्या, बाबतीत संख्येचा मोह आवरणे कठीण असते. अभ्यासिकेत शंभर मॉक दिल्याचे अभिमानाने सांगितले जाते. एका तासाच्या मॉकनंतर निदान तेवढाच वेळ तिच्या तपासणीला दिला आणि चुकलेले प्रश्न ‘आलेच नाही’, ‘येत होते पण घाईत चुकले’ आणि ‘मुळात हातात घ्यायला नको होते’ अशा तीन रकान्यांत मांडले, तर दहा मॉकमध्येच उमेदवाराला आपला रोग कळतो. आणि पहिला रकाना जवळजवळ रिकामा होऊनही तिसरा तसाच भरलेला असतो, असेच बहुतेकांच्या वहीत दिसते. नवे पुस्तक, नवा क्लास किंवा आणखी एक वर्ष यांनी तिसरा रकाना कमी होत नाही.

मुख्य परीक्षेत २०० गुणांचा वस्तुनिष्ठ भाग असतो, ज्यात तर्क, माहितीचे विश्लेषण, इंग्रजी आणि बँकिंग व अर्थव्यवस्थेचे सामान्यज्ञान येते, आणि २५ गुणांचे इंग्रजी लेखन असते. हे लेखन अर्ध्या तासात कळफलकावर करायचे असते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी व्याकरणाची काळजी करत राहतो आणि प्रत्यक्षात कमी पडतो तो टंकलेखनाच्या वेगात, कारण तोवर त्याने सलग दोनशे शब्द इंग्रजीत टंकित केलेलेच नसतात. रोज एका बातमीचा सारांश थेट संगणकावर लिहिण्याने दोन्ही अडचणी एकदम हलतात. सामान्यज्ञानाचा विभाग मात्र असा आहे की तेथे येते किंवा येत नाही एवढेच असते, विचार करून उत्तर सापडत नाही. त्यामुळे सर्वांत कमी वेळ तेथे लागतो आणि वाचलेला वेळ गुंतागुंतीच्या आकडेवारीला देता येतो, असे समजणे चूक आहे, कारण याही परीक्षेत विभागांचे वेळ बांधलेलेच असतात.

मुलाखतीची भीती तिच्या वजनाच्या मानाने फार मोठी असते. अंतिम गुणवत्तेत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असे वजन आहे. मुलाखत १०० गुणांची असते, म्हणून तेथले १० गुण अंतिम यादीत २ होतात, आणि मुख्य परीक्षेच्या २२५ गुणांपैकी साडेपाच-सहा गुण अधिक मिळवले तरी साधारण तेवढेच पदरात पडते. किमान ४० टक्के, काही आरक्षित गटांना ३५ टक्के, गुण मुलाखतीत मिळवावेच लागतात, हे खरे. पण सूट-बूट आणि घोटलेल्या इंग्रजी उत्तरांवर पालक जो खर्च करतात त्याची गरज नसते. मुलाखत हिंदीतही देता येते.

मुलाखत मंडळ जे पाहते ते प्रश्नांच्या एका साखळीत दिसते. रेपो दर म्हणजे काय, या प्रश्नाला ‘रिझर्व्ह बँक बँकांना सरकारी रोख्यांच्या तारणावर अल्पमुदतीचे कर्ज ज्या दराने देते तो दर’ हे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. पुढचा प्रश्न असा येतो की, हा दर उतरला तर घरच्या गृहकर्जाचा हप्ता कधी उतरेल. येथे पाठांतर संपते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जे बाह्य मापदंडाशी, बहुधा रेपोशीच, जोडलेली आहेत आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. त्याआधीची कर्जे बँकेच्या स्वतःच्या निधिखर्चावर ठरणाऱ्या दराला बांधलेली असल्याने तेथे परिणाम उशिरा पोहोचतो. शिवाय अनेकदा हप्ता तोच राहून मुदत कमी होते. ज्या उमेदवाराने वडिलांच्या कर्जाचे विवरण एकदा उघडून पाहिले आहे, तो हे न अडखळता सांगतो. कृषी पदवीधराला किसान क्रेडिट कार्ड आणि एकूण कर्जापैकी १८ टक्के शेतीला देण्याचे बंधन, रत्नागिरीच्या उमेदवाराला जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया असणे, पुण्याच्या उमेदवाराला ती बँक ऑफ महाराष्ट्र असणे, ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच विमासंरक्षण असणे : प्रश्न उमेदवाराच्या अर्जातून, गावातून आणि पदवीतून निघतात. छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहिणाऱ्याने शेवटचे पुस्तक खरोखर वाचलेले असावे, एवढी अपेक्षा तर अगदीच माफक आहे.

मुलाखतीइतकेच उमेदवार कागदपत्रांतही अडू शकतात, आणि महाराष्ट्रात तर विशेषतः. इतर मागासवर्गीयांसाठी लागणारे नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या सेवांसाठीच्या नमुन्यातले आणि जाहिरातीत दिलेल्या मुदतीतले असावे लागते. महाविद्यालयीन प्रवेशासाठी काढलेले राज्याच्या नमुन्यातले चालत नाही. जात केंद्रीय सूचीत आहे की नाही, हेही वेगळे पाहावे लागते. मराठा समाजाला २०२४ च्या राज्य कायद्याने मिळालेले आरक्षण या भरतीला लागू नाही; अटी पूर्ण होत असतील तर त्या उमेदवाराला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे केंद्रीय नमुन्यातले प्रमाणपत्र काढावे लागते. तहसील कार्यालयातली ही फेरी मुलाखतीचे पत्र आल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो. अर्जासोबत स्वहस्ते लिहायचे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत पण मोठ्या लिपीत नसलेले हवे, पदवीचा निकाल ठरलेल्या तारखेपर्यंत लागलेला हवा, आणि शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर त्याचे हप्ते थकलेले नसावेत, कारण कर्जफेडीचा इतिहास चांगला असण्याची अट जाहिरातीतच असते.

नोकरी सोडून किंवा पदवीनंतर रिकामे बसून केवळ या परीक्षेची तयारी करण्याची, म्हणजे ड्रॉप घेण्याची, सक्ती कोठेही नाही. याच अभ्यासावर स्टेट बँकेची, ग्रामीण बँकांची आणि बऱ्याच अंशी विमा कंपन्यांची परीक्षा देता येते. ग्राहक सेवा सहयोगी, म्हणजे पूर्वीचा लिपिक, या पदाला मुलाखत नसते, त्याची परीक्षा मराठीतूनही देता येते आणि नेमणूक राज्यातच होते. अधिकारीपदाचे मूळ वेतन मार्च २०२४ च्या करारानंतर ४८,४८० रुपयांपासून सुरू होत असले, तरी त्यासोबत देशभर बदलीची अट येते. बँकांचा पसंतीक्रम भरताना पालक पुण्यात मुख्यालय असलेली बँक पहिली लिहायला लावतात, ती या अटीकडे दुर्लक्ष करून. पुण्यात असते ते मुख्यालय, आणि नवा अधिकारी बसतो तो शाखेत, जी बिहारमधल्या तालुक्याच्या गावीही असू शकते.