पित्तनलिकेतील स्टेंटनंतर रक्तात जंतू

प्रश्न : वडिलांच्या पित्तनलिकेतील खडा काढून प्लास्टिकचा स्टेंट (बारीक नळी) बसवल्यावर हुडहुडी भरून ताप आला. रक्तात ‘एरोमोनास’ जंतू निघाला. रक्त खराब झाले का? घरच्यांना लागण होईल का?
– एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : आपल्या वडिलांचे रक्त खराब झालेले नाही आणि शेजारी बसल्याने हा आजार लागत नाही. एरोमोनास हा मुख्यतः गोड्या पाण्यातला जंतू. तो पोटात गेल्यावर, पित्ताचा निचरा खड्याने किंवा तुंबलेल्या स्टेंटने अडलेला असल्यास, पित्तनलिकेत वाढतो व दाबामुळे रक्तात शिरतो, मात्र असे क्वचितच घडते. त्यावर ॲम्पिसिलिन सहसा चालत नसल्याने कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्याला मारणारे औषध शोधणारी तपासणी, पाहूनच प्रतिजैविक ठरते. ताप उतरला तरी ते मध्येच सोडू नये. असा स्टेंट साधारण ३ महिन्यांत काढावा वा बदलावा लागतो, आणि नेमके हेच घरोघरी विसरले जाते. पुन्हा हुडहुडी, कावीळ किंवा गुंगी दिसल्यास तापाच्या गोळीवर वेळ न काढता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.