लोह : उणे नको, अधिकही नको

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी आरोग्यशिक्षणाचा पाठ)

एका बाकावर दोन विद्यार्थी बसले आहेत, अशी कल्पना करावी. दोघांचेही चेहरे फिकट. दोघेही मधल्या सुट्टीत खेळावयास न जाता भिंतीला टेकून बसतात. जिना चढताना दोघांसही धाप लागते. पाहणाऱ्यास दोघांचे दुखणे एकच वाटते. वस्तुतः पहिल्याच्या शरीरात लोह अपुरे आहे. दुसऱ्यास थॅलॅसेमिया हा आनुवंशिक रोग असून, वारंवार रक्त द्यावे लागल्यामुळे त्याच्या शरीरात लोह नको तितके साठले आहे. जी गोळी पहिल्यास उपकारक, तीच दुसऱ्यास अपायकारक होय. हा भेद शिक्षकास ठाऊक असावा, आणि आजचा आहार व पुढील आयुष्यातील जुनाट रोग यांचा संबंध विद्यार्थ्यांस सोप्या शब्दांत सांगता यावा, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. लोहाचे कार्य

प्रौढ माणसाच्या शरीरात सर्व मिळून सुमारे 3 ते 4 ग्रॅम लोह असते. एवढ्यात एखादा लहानसा खिळा व्हावा! त्यातील सुमारे दोनतृतीयांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते. फुफ्फुसांत घेतलेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचविणे हे हिमोग्लोबिनचे काम. उरलेले लोह यकृत, स्नायू इत्यादी ठिकाणी असते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन घटते, प्राणवायूचा पुरवठा मंदावतो आणि रक्तक्षय होतो. लोहाचे मेंदूच्या वाढीतही कार्य आहे. म्हणून रक्तक्षयी मुलाचे चित्त अभ्यासात लागत नाही. त्यास आळशी वा मठ्ठ ठरविण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या आहाराची चौकशी करावी.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी 67 टक्के रक्तक्षयी आढळली. सर्वच रक्तक्षय लोहाच्या उणिवेने होतो असे नाही. तथापि लोहाची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

२. मातेच्या ताटापासून मधुमेहापर्यंत

कुपोषण हा बालपणाचा प्रश्न आणि मधुमेह व हृदयविकार हे प्रौढपणाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु या दोहोंचे मूळ अनेकदा एकच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे 3.5 किलोग्रॅम होते. परंतु खेड्यांतील या बालकांत उणीव होती ती मुख्यत्वे स्नायूंची. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. दिसण्यास कृश, पण अंगी चरबी, अशी ही शरीररचना पुढे मधुमेहास अनुकूल ठरते.

याच अभ्यासात असेही दिसून आले की, ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या व फळे वारंवार खात, त्यांची बालके अधिक चांगल्या वजनाची निपजली. याचे श्रेय एकट्या लोहास देणे योग्य नव्हे. पालेभाजीत फोलेट आदी इतर पोषक द्रव्येही असतात. तथापि गरोदरपणीच्या तीव्र रक्तक्षयाने मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, हे निश्चित आहे. आज सातवीत शिकणारी मुलगी उद्याची माता आहे. तिच्या ताटातील भाजीचा संबंध अशा रीतीने पुढच्या पिढीच्या आरोग्याशी पोहोचतो. घरात सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले मुलीने खावे, ही रूढी या दृष्टीने फार महाग पडते.

३. अति तेथे माती

शरीराला लोह आत घेण्याचा मार्ग आहे; जादा लोह बाहेर टाकण्याचा खास मार्ग मात्र नाही. प्रौढ पुरुषाच्या शरीरातून दिवसाला सुमारे 1 मिलिग्रॅम लोह जाते. मासिक पाळीमुळे स्त्रियांचे थोडे अधिक जाते. म्हणून आतड्यातून लोह किती घ्यावे यावर यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे द्रव्य नियंत्रण ठेवते. शिरेतून दिलेल्या रक्तास मात्र हा पहारा लागू पडत नाही.

येथे शिक्षकाने फळ्यावर एक हिशेब मांडावा. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. रोज 1 मिलिग्रॅम जात असेल, तर एका पिशवीतील लोह जाण्यास किती दिवस लागतील? उत्तर येईल : दोनशेहून अधिक. थॅलॅसेमियाच्या रुग्णास तर काही आठवड्यांतच दुसरी पिशवी द्यावी लागते. साठलेले लोह यकृत, हृदय व स्वादुपिंड यांत उतरते. त्यातून यकृताचे विकार, हृदयविकार आणि मधुमेह उद्भवतात. यासाठी अशा रुग्णांना लोह बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात.

अनेक देशांतील पाहण्यांत असेही आढळले आहे की, ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा मोठा, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण अधिक असते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीने दुसरी घडविली, असे सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. परंतु तपासणी न करता, केवळ शक्ती यावी म्हणून वर्षानुवर्षे लोहाची औषधे घेणे शहाणपणाचे नव्हे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

४. आहारातून लोह

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषास दररोज 19, तर स्त्रीस 29 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच सडीक तांदळात 1 मिलिग्रॅमही नसते. कडधान्ये, पालेभाज्या, तीळ व अळीव यांतूनही लोह मिळते. मांस व मासळी यांतील लोह शरीर अधिक सहज घेते. वनस्पतींतील लोहाचा थोडाच अंश अंगी लागतो. तो अंश वाढविण्याचे उपाय घरचेच आहेत :

(अ) जेवणात लिंबू, आवळा वा पेरू यांपैकी काही असावे. त्यांतील क जीवनसत्त्व लोहशोषणास मदत करते.
(आ) जेवणाबरोबर व जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. तो लोहास अडवितो.
(इ) कडधान्यांस मोड आणून ती खावीत.
(ई) स्वयंपाकास लोखंडी तवा व कढई वापरावी.
(उ) अनवाणी चालू नये व शौचालयाचा वापर करावा. अंकुशकृमी तळपायातून शरीरात शिरतो व आतड्यात राहून रक्त शोषितो.

५. शिक्षकाचे कर्तव्य

वरील विवेचनावरून कोणी शाळेतील साप्ताहिक गोळीस भिऊ नये. 2018 च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी 45 मिलिग्रॅम लोहाची गुलाबी, तर 10 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी 60 मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी ठरविलेली आहे. आठवड्यातून एकदा घेतलेली ही मात्रा सर्वसामान्य मुलास सुरक्षित आहे. गोळी जेवणानंतर, शिक्षकासमक्ष घ्यावी. शौचास काळसर होते, त्याचे भय नाही. पालकांस हे आधीच सांगावे, म्हणजे अफवा उठत नाहीत. गोळ्यांची पाकिटे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. अनेक गोळ्या एकदम पोटात गेल्यास विषबाधा होते.

ज्या मुलास थॅलॅसेमिया वा सिकलसेल आहे, ज्यास वारंवार रक्त द्यावे लागते, त्याची नोंद शिक्षकाने ठेवावी व वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी सल्ल्याशिवाय त्यास गोळी देऊ नये. विदर्भातील व नंदुरबारकडील शाळांनी सिकलसेलविषयी विशेष दक्ष राहावे. असा विद्यार्थी वर्गात वेगळा पडणार नाही, याचीही काळजी घ्यावी. काही महिने गोळ्या घेऊनही ज्याचा फिकटपणा जात नाही, त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य पाठवावे.

६. विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

1. हिमोग्लोबिनचे कार्य कोणते?
2. भाकरी-भाजीबरोबर लिंबू घ्यावे, पण चहा घेऊ नये, असे का?
3. शरीरात लोह अधिक साठल्यास कोणत्या अवयवांस इजा पोहोचते?
4. घरी काल सर्वात शेवटी कोण जेवले व त्यांच्या वाट्यास कोणती भाजी आली, हे पाहून चार ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत; स्वतः मात्र लक्षपूर्वक वाचावीत. कोणाच्या घरी भेट द्यावयास हवी, हे त्यांवरून पुष्कळदा कळून येईल.