लपवलेला डबा आणि शाळेचा पत्ता : जिओकॅशिंगमधून अक्षांश-रेखांश



सहावीच्या मुलांना विचारा, "अक्षांश म्हणजे काय?" व्याख्या धडाधड येते. आता विचारा, "आपली शाळा कोणत्या अक्षांशावर आहे?" वर्ग गप्प! माझ्या वर्गात तर एकाने मलाच विचारलं, "सर, आपल्या शाळेलेबी अक्षांश असते काय?" त्या प्रश्नामुळे मी जिओकॅशिंगकडे वळलो.

खेळ काय आहे?

जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक 2 मे 2000 रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एका बादलीत वही, पेन्सिल आणि काही वस्तू ठेवल्या, ती रानात लपवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. नियम सोपा : डबा शोधा, वहीत नाव लिहा, काही घेतलं तर काही ठेवा आणि डबा जागच्या जागी ठेवून या.

वर्गात कसं घ्याल?

1. मोबाइलवर शाळेच्या फाटकाचे अक्षांश-रेखांश मुलांकडूनच लिहून घ्या.
2. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आवारात पाच डबे लपवा. प्रत्येकात वही आणि पेन्सिल ठेवा.
3. चार-चार मुलांच्या गटाला फक्त आकडे द्या.
4. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत नेतो. पुढचं काम डोळ्यांचं!

माझी चूक, तुमच्यासाठी धडा

पहिल्या वेळी मी दशांशातले आकडे दिले आणि एका गटाने ते अंश-मिनिटं समजून टाकले. अमरावतीचा रेखांश सुमारे 77.75 अंश, म्हणजे 77 अंश 45 मिनिटं. तोच 77 अंश 75 मिनिटं धरला तर 78 अंश 15 मिनिटं होतात. नकाशावर बोट सरळ 52 किलोमीटर पूर्वेला, वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला गेलं! मुलं पोट धरून हसली. पण एका अंशाची 60 मिनिटं असतात हे त्यांना आता परत सांगावं लागत नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गणित द्या. अकोला 77 अंश रेखावृत्ताला अगदी लागून आहे. अमरावतीशी फरक पाऊण अंशाचा. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे अमरावतीच्या डोक्यावर सूर्य अकोल्यापेक्षा तीन मिनिटं आधी येतो.

सांभाळा

रेल्वे स्टेशन, बसस्थानक, बाजार अशा ठिकाणी डबा ठेवू नका. बेवारस वस्तू म्हणून धावपळ उडेल. नरनाळा, गाविलगड, मेळघाटच्या जंगलातही काहीच लपवायचं नाही. तिथे डब्याऐवजी प्रश्न द्या. लोणारला सहल गेली तर विचारा, "काठावरचा खडक कोणता?" बेसॉल्ट हे उत्तर म्हणजेच वहीतली सही.

मेळावा

या छंदाची माणसं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अक्षांश-रेखांशावर जमतात. 500 माणसं जमली की त्याला 'मेगा' मेळावा म्हणतात. काही मेळाव्यांत तर फक्त परिसरातला कचरा गोळा करतात. आपल्याला हे नवीन नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात गेले की आधी हाती खराटा, मग कीर्तन.

म्हणून सुचवतो : अमरावतीची एक शाळा, अकोल्याची एक शाळा, आणि भेट मधल्या मूर्तिजापुरात. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, बाबा वाढले. पत्ता न देता मुलांना फक्त आकडे द्या. पोहोचल्यावर आधी अर्धा तास सफाई, मग एकमेकांनी लपवलेले डबे शोधायचे. पालकांनी सोबत यावं. रस्ता मात्र मुलांना दाखवू द्यावा.

या खेळाला पहारेकरी नसतो. डबा सापडलेला मुलगा तो परत नीट झाकून ठेवतो, कारण मागून कोणीतरी अनोळखी येणार आहे. तो येईपर्यंत डबा तिथे असणं, हे त्याच्या प्रामाणिकपणावर आहे. गुणपत्रिकेत यासाठी रकाना नाही, पण वहीतल्या सह्या मोजल्या की ते कळतं.

उद्या वर्गात गेल्यावर फळ्यावर तारखेखाली शाळेचे अक्षांश-रेखांश लिहा. सुरुवात तिथूनच होते.